मौनाची चौकशी

गोंदियाहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी आमगाव आणि सालेकसा ही स्थानके मागे टाकून दरेकसाच्या घाटात शिरली, दोन्ही अंगांना अरण्य दाट होऊ लागले, की माझे तरी दूरध्वनीवरचे संभाषण दर खेपेस तेथेच तुटते. आणि तुटले हे ध्यानात येण्यापूर्वी मी दोनचार वाक्ये निर्जीव यंत्राशी बोलून गेलेलो असतो. मग ‘ऐकू येतंय का?’ असे दोनदा विचारायचे, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने विचारायचे, आणि उत्तर न आल्यास यंत्र खिशात ठेवून खिडकीबाहेर पाहात बसायचे, हा क्रम ठरलेला. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: पहिल्या मौनाला आपण संबंध तुटल्याचे लक्षण समजत नाही, तिसऱ्याला समजतो. जगभरच्या संगणकजाळ्यांवर अहोरात्र पहारा देणाऱ्या व्यवस्था मुळात याहून फारसे निराळे काही करीत नाहीत. दूरच्या यंत्राला हाक घालावयाची, उत्तराची ठरावीक मुदत वाट पाहावयाची, उत्तर न आल्यास पुन्हा विचारावयाचे, आणि मौन पक्के ठरल्यावर जबाबदार माणसाला इत्तला द्यावयाची. कृती एवढीच, पण तिच्यातील प्रत्येक पायरीवर विवेकाला वाव आहे आणि प्रत्येक पायरीवर चूकही होते.

दरेकसा स्थानकापासून थोड्या अंतरावर, धनेगावाच्या पलीकडे, कचारगडचा डोंगर आहे आणि त्याच्या पोटात एक विशाल नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाच्या कोया पुनेम परंपरेत या स्थानाची थोरवी एवढी, की माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्रातूनच नव्हे तर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण या प्रांतांतूनही भाविकांचे लोंढे येतात. कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली, मुखावर शिळा बसली, आणि पुढे पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि वादक हिरासुका पाटालीर यांच्या योगाने ती मुक्त झाली, मात्र शिळा हटविताना हिरासुकाला प्राण गमवावे लागले, अशी कथा तेथे सांगतात. तिची रूपे स्थळपरत्वे भिन्न आहेत, आणि तिचा धर्मार्थ लावण्याचा अधिकार माझ्यासारख्या बाहेरच्याला नाही. तथापि गुहेच्या मुखाशी उभे राहिले म्हणजे एक विचार मनातून जात नाही: शिळेच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसापाशी आतले काहीही पाहण्याचे साधन नाही, हाक घालावी आणि कान द्यावा, एवढेच त्याच्या हाती. दूरच्या यंत्राचे कुशल विचारण्यासाठी संगणकशास्त्राने जी युक्ती योजिली तिचे अधिकृत नावही ‘एको’, म्हणजे प्रतिध्वनी, असेच आहे.

इंटरनेटचे व्यवहार ज्या लिखित नियमांनी चालतात त्यांपैकी आरएफसी ७९२ या क्रमांकाचा जाबता जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. मालाची ने-आण करणारे नियम निराळे. मार्गात काही बिनसले तर त्याची खबर परत कशी द्यावी, याचे नियम या जाबत्यात आहेत, आणि त्यांना आयसीएमपी असे आद्याक्षरी नाव आहे. त्यात एक अत्यंत साधे कलम आहे. आठ क्रमांकाच्या प्रकाराचा संदेश आला, की ज्याला तो आला त्याने त्यातील मजकूर जसाच्या तसा ठेवून, प्रकाराचा क्रमांक शून्य करून, तो पाठविणाऱ्याकडे परत धाडावा. मजकुराचा अर्थ लावू नये, त्यात भर घालू नये. शाळेच्या हजेरीत मुलाने ‘हजर’ म्हणावे, त्यापलीकडे गुरुजींशी संवाद करू नये, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक संदेशावर एक अनुक्रमांक असतो, त्यामुळे कोणत्या हाकेचे उत्तर आले आणि कोणत्या हाकेचे वाटेत हरवले, याचा हिशेब बिनचूक राहतो.

कलम होते; ते सहज वापरता यावे असे हत्यार मात्र दोन वर्षांनी घडले. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक मूस या तरुण शास्त्रज्ञाला तेथील जाळ्याचे वर्तन विचित्र वाटू लागले, आणि डेव्हिड मिल्स यांनी काही महिन्यांपूर्वी सहज बोलून दाखविलेली प्रतिध्वनीची कल्पना त्याला आठवली. त्याने कार्यक्रमाची आज्ञावली लिहिली. तिला संगणकाच्या मूळ प्रणालीत आधारच नाही असे आढळताच चिडून तो आधारही स्वतःच लिहिला, आणि उजाडण्यापूर्वी सगळे चालू केले. गंमत अशी, की त्याची पहिली हाक सुटण्याआधीच त्याच्या एका सहकाऱ्याने बिघडलेले यंत्र शोधून दुरुस्तही करून टाकले होते! ज्या दुखण्यासाठी औषध केले ते आपोआप बरे झाले, पण औषध जगभर राहिले. पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पाण्यात सोडलेला नाद समोरच्या वस्तूवर आदळून परत येतो, त्या नादाच्या ध्वनीवरून मूसने आपल्या कार्यक्रमाचे नाव ‘पिंग’ असे ठेविले. नोव्हेंबर २००० मध्ये मोटार-अपघातात त्याचा अंत झाला.

या पिंगची एक हकीकत मूसने स्वतः नमूद करून ठेवली आहे आणि ती मला सर्व तांत्रिक विवेचनापेक्षा अधिक बोधप्रद वाटते. कोठल्या तरी जोडाची तार सैल होऊन जाळे मधूनमधून बंद पडत होते. एका गृहस्थाने पिंगची उत्तरे संगणकाच्या वाचायंत्राला जोडली, म्हणजे प्रत्येक उत्तरागणिक यंत्र मोठ्याने ‘पिंग’ म्हणू लागले. मग तो इमारतभर हिंडून एकेक जोड हलवून पाहू लागला, आणि ज्या जोडाला हात लावताच आवाज थांबला तेथे दोष, असे त्याने ठरविले. येथे दोषाची खबर आवाजाने दिली नाही, आवाज थांबण्याने दिली. पहाऱ्याचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आले आहे.

उत्तर आले वा नाही, याइतकेच ते किती वेळाने आले हेही बोलके असते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. दोनशे किलोमीटर लांबीच्या तंतूच्या दुसऱ्या टोकाला हाक घातली, तर जाऊन येऊन चारशे किलोमीटरांचा प्रवास, म्हणजे सेकंदाचे दोन सहस्रांश. मध्ये यंत्रे असतात म्हणून त्यात थोडी भर पडेल. तेच उपग्रहामार्फत बोलावयाचे झाले, तर पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत वर, खाली, पुन्हा वर आणि पुन्हा खाली अशा चार फेऱ्या होऊन जवळजवळ अर्धा सेकंद निव्वळ वाटेत जातो. नक्षलप्रभावित प्रदेशांसाठी केंद्र सरकारने २०१४ साली जे मोबाइल मनोरे मंजूर केले त्यांतील पुष्कळ मनोरे सौरऊर्जेवर चालणारे आणि उपग्रहामार्फत जोडलेले होते. अशा मनोऱ्याचे उत्तर सहाशे सहस्रांशांनी आले तर ती त्याची प्रकृती समजावी; तंतूने जोडलेल्या कचेरीचे उत्तर तितक्या विलंबाने आले तर तो रोग समजावा. सर्वांना एकच मुदत लावणारा पहारेकरी अर्ध्या लोकांवर अन्याय करतो.

आता मौन म्हणजे काय, या मुख्य प्रश्नाकडे वळू. दरेकसाच्या याच मार्गावरील रेल्वेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी आणि फार कठोरपणे दिलेले आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग बंगाल-नागपूर रेल्वेने ताब्यात घेऊन रुंद केला, ती कंपनी १८८७ सालची. रेल्वेच्या ब्लॉक पद्धतीत एका स्थानकाचा मास्तर घंटेच्या संकेतांनी पुढच्या स्थानकाला ‘लाइन क्लिअर’ मागत असे, आणि पुढच्याचा होकार आल्याखेरीज गाडी सुटत नसे. उत्तर नाही, याचा अर्थ तेथे एकच: धोका. संगणकजाळ्याला इतकी कठोरता परवडत नाही, कारण तेथे एखादी हाक निष्कारण हरवणे हा अपवाद नसून नित्याचा धर्म आहे. गर्दी झाली की मधले यंत्र काही संदेश सरळ टाकून देते, आणि तसे करण्याची त्याला मुभाच आहे.

थोडा हिशेब करू. एका कचेरीकडे एक हजार यंत्रांची देखरेख आहे आणि प्रत्येकाला दर मिनिटाला एक हाक जाते, असे धरले, तर दिवसाला १४ लाख ४० हजार हाका होतात. शंभरात एक हाक निष्कारण हरवते असे मानले आणि प्रत्येक हरवलेल्या हाकेगणिक धोक्याची घंटा वाजविली, तर रोज १४,४०० खोट्या घंटा वाजतील, आणि तिसऱ्या दिवशी घंटेची तार कोणीतरी उपटून टाकील. परंतु लागोपाठ तीन हाका हरवल्यावरच घंटा वाजवावयाची असा नियम केला, तर तीनही हाका निव्वळ योगायोगाने हरवण्याचा संभव दहा लाखांत एक एवढाच उरतो, आणि दिवसाकाठी एखाददुसरीच खोटी घंटा वाजते. अर्थात प्रत्यक्ष व्यवहारात हाका अशा सुट्या सुट्या हरवत नाहीत. वादळात झाडावरची फळे जशी एकदम गळतात तशा त्या एकदम हरवतात, म्हणून हा हिशेब जरा आशावादीच म्हटला पाहिजे. तरीही धीर धरण्याचे मोल त्यावरून कळते. त्या धीराची किंमतही द्यावी लागते: मिनिटाच्या अंतराने तीन हाका, म्हणजे खरे संकट आले तरी ते दोनतीन मिनिटे उशिरा कळणार. बँकेच्या यंत्रणेला तेवढा उशीर जड जाईल. ग्रामपंचायतीच्या जोडणीला खुशाल चालेल.

एथन गॅलस्टॅड यांनी १९९९ साली ‘नेटसेंट’ या नावाने आणलेली आणि २००२ पासून ‘नागिओस’ या नावाने ख्यात झालेली देखरेख-प्रणाली याच विवेकावर उभी आहे. पहिले मौन तिच्या दप्तरात कच्चे म्हणून लिहिले जाते. ठरलेल्या संख्येइतकी फेरतपासणी झाली आणि मौन टिकून राहिले, म्हणजेच ते पक्के होते आणि मगच निरोप सुटतो. तलाठ्याच्या दप्तरात फेरफाराची नोंद पडली तरी संबंधितांना नोटीस जाऊन, हरकतीची मुदत सरून, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केल्यावाचून पक्की होत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला नागिओसची रीत परकी वाटणार नाही. एखादे यंत्र घडीत हजर, घडीत गैरहजर असे करू लागले, तर ती प्रणाली त्याच्या नावापुढे ‘फडफडत आहे’ अशा अर्थाचा शेरा मारते आणि त्याच्याविषयीचे निरोप थांबवून ठेवते. फडफडीचे कारण बहुधा सैल जोड, नाहीतर खालीवर होणारा वीजदाब.

याहून सूक्ष्म प्रश्न आहे तो अवलंबनाचा. खेड्यापाड्यांतील ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. तिची साधारण रचना अशी: तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचे मोठे यंत्र, तेथून निघालेला तंतू वाटेत विजेवाचून चालणाऱ्या विभाजकांतून फुटत जातो, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत ओएनटी नावाची छोटी पेटी त्याच्या टोकाला असते. सालेकशासारख्या डोंगराळ तालुक्यात हे चित्र डोळ्यांपुढे आणा. ओढ्यावरचा पूल वाहून गेला तर पलीकडच्या वीस गावांना टपाल पोचणार नाही. म्हणून वीसही गावांचे पोस्टमन एकाच दिवशी आजारी पडले, असा निष्कर्ष कोणी शहाणा माणूस काढील काय? पण ओएलटी मुके झाले, की अडाणी देखरेख-प्रणाली त्याच्याखालील प्रत्येक पंचायतीच्या नावे निराळी तक्रार लिहिते, आणि खरे कारण त्या ढिगाखाली दडपून जाते. म्हणून कोण कोणाच्या पलीकडे आहे याची वंशावळ प्रणालीला आधीच शिकवावी लागते. मग ओएलटी ‘बंद’ आणि त्याखालच्या पेट्या ‘अगम्य’ असा भेद ती करू शकते. बंद असणे हा यंत्राचा दोष. अगम्य असणे हे फक्त आपले अज्ञान. हा भेद न करणारा अहवाल वाचण्यापेक्षा न वाचलेला बरा, असे माझे मत आहे.

पिंगला मौनाचे कारण मात्र कळत नाही, आणि विदर्भाच्या या पूर्व टोकाला कारणे तर दोन अगदी नेमाने संभवतात. पावसाळ्यात वीज गेली, हे एक. रस्त्याच्या कामात जेसीबीने तंतू उखडला, हे दुसरे. पहिल्यात पंचायतीतल्या कोणीतरी विजेची विचारपूस करावयाची. दुसऱ्यात तंतू सांधणाऱ्या माणसाने यंत्र घेऊन वीसतीस किलोमीटर जावयाचे. पिंगपुढे दोन्ही सारखीच. परंतु या पद्धतीच्या तंतुजाळ्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जे मानक ठरविले आहे त्यात एक हृद्य योजना आहे. पेटीची वीज तुटली, की तिच्यात उरलेल्या किंचित ऊर्जेवर ती क्षणार्धात एक अखेरचा संदेश ओएलटीकडे पाठविते आणि मग विझते. अभियंते त्याला शब्दशः मरणोन्मुखाचा अखेरचा श्वास या अर्थाचे नाव देतात. हा श्वास ऐकू येऊन मग मौन पडले, तर वीज गेली. श्वास न येताच मौन पडले, तर तंतू तुटला असण्याचा दाट संभव. आणि तंतू तुटला असल्यास ओटीडीआर हे उपकरण त्यात प्रकाशाचा एक ठोका सोडते, परत येणाऱ्या क्षीण प्रतिध्वनीचा वेळ मोजते आणि इतक्या किलोमीटर इतक्या मीटरवर तूट आहे असे सांगते. हाक घालून कान देण्याचीच ही आणखी एक रीत. फरक इतकाच, की येथे शिळा किती दूर आहे हेही कळते.

हजेरीवर फार विसंबून राहणाऱ्याला आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. पिंगचे उत्तर यंत्राच्या प्रणालीचा अगदी तळचा थर देतो; वरच्या मजल्यावर काय चालले आहे याची त्या थराला दादही नसते. दाखल्यांचे संकेतस्थळ पार कोलमडले असले, तिष्ठत बसलेल्या शेतकऱ्यापुढे नुसते चक्र फिरत असले, तरी तेच यंत्र पिंगला तत्परतेने ‘हजर’ असे उत्तर देत राहते. कचेरीच्या दाराशी शिपाई हजर आहे, म्हणून साहेब आत आहेत असे नव्हे. याच्या उलटही घडते: पुष्कळ ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली पिंगचे संदेश दारातच अडविले जातात, आणि ठणठणीत यंत्र बाहेरून मृत भासते. यास्तव विचारी व्यवस्थापक पिंगच्या जोडीला खरे काम करून पाहणारी तपासणी ठेवतात; पान मागून पाहावयाचे, नाव विचारून पाहावयाचे, आणि आलेले उत्तर अर्थपूर्ण आहे की नाही हे तपासावयाचे.

राहता राहिली घंटा. धानाच्या बांध्यांवर रात्री रानडुकरे उतरतात म्हणून माळ्यावर बसून डबा वाजविणारा राखणदार ज्याने पाहिला आहे त्याला हे निराळे सांगावयास नको, की पान हलले तरी डबा बडविणाऱ्याच्या आवाजाने गाव फक्त कूस बदलते. घंटा थोडी वाजावी. पण वाजली तर कोणी उठलेच पाहिजे. तसेच ती ज्या वाटेने जाते ती वाट तुटलेल्या वाटेहून वेगळी असली पाहिजे. जाळे बंद पडल्याची खबर त्याच जाळ्यातून ईमेलने पाठविण्याची तजवीज करणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो ईमेल जाळे सुरू झाल्यानंतर इमानेइतबारे पोचतो. म्हणून जाणते लोक मोबाइलच्या लघुसंदेशासाठी निराळे साधन ठेवतात. आणि पहारेकऱ्यावरही पहारा हवा: देखरेखीचा संगणक स्वतः बंद पडला तर सर्वत्र शांतता नांदेल, आणि त्या शांततेला सगळे आरोग्य समजतील. त्यासाठी त्याने दर काही मिनिटांनी ‘मी जागा आहे’ असे दुसऱ्या एखाद्या यंत्राला कळवीत राहावे, आणि कळविणे थांबताच त्या दुसऱ्याने ओरड करावी, अशी उलटी योजना करतात. दरेकसाचा घाट चढणाऱ्या इंजिनातही अशाच तत्त्वाचे उपकरण असते. चालकाकडून मिनिटभर कसलीही हालचाल झाली नाही, तर ते आधी सूचना देते आणि तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक लावते.

एका कार्यालयातील देखरेखीची व्यवस्था पाहण्याचा योग मला एकदा आला होता. यंत्रे उत्तम, वंशावळ शिकविलेली, कच्च्या-पक्क्याचा भेद पाळलेला. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवे-तांबडे ठिपके. एक ठिपका अकरा दिवस तांबडा होता. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या यंत्राविषयीचे सारे निरोप विनाविलंब जात होते आणि ज्या अधिकाऱ्याकडे जात होते ते दीड वर्षापूर्वी सेवानिवृत्त झाले होते. तेव्हा ज्यांच्या ताब्यात अशी एखादी व्यवस्था आहे, मग ती तालुक्याची असो वा एका शाळेची, त्यांना माझी विनंती एवढीच: नवे यंत्र घेण्याचा प्रस्ताव वर धाडण्याआधी इत्तला कोणाकोणाला जाते ती यादी आज काढून वाचावी, आणि तीतला प्रत्येक क्रमांक एकदा लावून पाहावा.